मग पाणी गेलं कुठं?

आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण पावसाळा लागला की राजाराम बंधाऱ्याची पातळी लिहून ठेवायची सवय सुटली नाही. लाल पुठ्ठ्याची वही, डावीकडं तारीख, उजवीकडं फूट आणि इंच. 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्यांना तर झोपेतसुद्धा.

त्यांचा थोरला, घरातला दादा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीवर सुपरवायझर. जानेवारी 2021 मध्ये त्यानं फुलेवाडीला फ्लॅट घेतला. 25 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, बदलता व्याजदर. तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्के होता, म्हणून कर्ज 7 टक्क्यांनी पडलं. हप्ता 19,382 रुपये. पाच तारखेला खात्यातून आपोआप जायचा. दादानं त्याकडं परत बघितलं नाही.

2023 च्या पावसाळ्यात दादाचे मेहुणे घर बघायला म्हणून आले. पगार 40 हजार. पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता बसतो, या हिशोबानं दोन वर्षांपूर्वी त्यांना 25 लाख 80 हजार मिळाले असते. आता बँक साडेनऊ टक्क्यांनी 21 लाख 46 हजारांवर थांबली. पगार तोच, माणूस तोच, सव्वाचार लाख कमी.

"रेपो साडेसहावर गेलाय म्हणं," मेहुणे म्हणाले.

दादा हसला. "आमच्या हप्त्यात एक रुपया वाढला न्हाई पावणं. बँक चांगली बघावी लागती."

आबा वहीत आकडा लिहीत होते. त्यांनी चष्मा वर केला. "राधानगरी धरणाचं दरवाजं उघडलं आन् बंधाऱ्यावर पातळी हलली न्हाई, असं कधी झालंय? मग पाणी गेलं कुठं?"

दादाला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो शाखेत गेला आणि कर्जाचा उतारा मागितला. हप्ता 19,382. त्यातलं व्याज 18,900 च्या पुढं. मुद्दलात पडत होते साडेचारशेच्या आसपास. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, उरलेले हप्ते: 480. चाळीस वर्षं! दादा तेव्हा एक्केचाळीसचा होता.

"तुम्हाला मेसेज पाठवला होता," काउंटरवरचा पोरगा म्हणाला. पाठवलाही असेल. फौंड्रीत भट्टी पेटलेली असताना असले मेसेज कोण वाचतं?

योगायोग असा की 18 ऑगस्ट 2023 ला रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं: दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा, मुद्दल, व्याज आणि उरलेले हप्ते दर तिमाहीला कळवा. जुन्या कर्जांनाही हे 31 डिसेंबरपर्यंत लागू करायचं होतं. पण दादा डिसेंबरची वाट बघत बसला नाही. दुसऱ्या एका बँकेत त्यानं चौकशी केली. तिथं नव्या ग्राहकाला साडेआठ टक्के. बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँकेला दंड घेता येत नाही, हा नियम 2012 पासूनचा. म्हणजे कर्ज हलवायला वाट मोकळी होती. मात्र प्रक्रिया शुल्क, गहाणखताचं मुद्रांक, वकिलाची फी हे सगळं आबांनी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं.

दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र खिशात घालून दादा परत आपल्या शाखेत गेला. या वेळी गाठ मॅनेजरशी पडली. थोडं शुल्क भरल्यावर तिथंच साडेआठ टक्के मिळाले. दादानं हप्ता स्वतःहून 22 हजार करून घेतला आणि मुदत पुन्हा जानेवारी 2041 च्या आत आली. महिन्याला 2,600 जादा जातात, म्हणून त्या दिवाळीला नवी गाडी आली नाही. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत, हेही खरं.

मेहुण्यांनी लहान फ्लॅट घेतला, कळंब्याला.

2025 मध्ये रेपो उतरत उतरत डिसेंबरला सव्वापाचवर आला. शाखेतून विचारणा झाली, "हप्ता कमी करू का?" दादा म्हणाला, "हप्ता हाय तेवढाच ऱ्हाऊ द्या."

आबांच्या वहीत आता पावसाळा संपला तरी पान उलटतं. तारीख, मुद्दल, दर. शेवटची नोंद डिसेंबर 2025 ची: उरलेले हप्ते 157.