शोधायचं कुणी कुणाला?

रविवारची दुपार. मुलुंड पूर्वेच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या फरशीवर मावशींनी आपली प्लास्टिकची पिशवी उपडी केली. त्या आमच्या इमारतीत चार घरची धुणीभांडी करतात आणि गव्हाणपाड्यात भाड्याच्या खोलीत राहतात. नवरा जाऊन चार वर्षं झाली, मुलगी बारावीला आहे. पिशवीतून निघालं ते असं: लॅमिनेट केलेलं आधार कार्ड, घडीवर फाटलेलं केशरी रेशन कार्ड, पतीच्या मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक आणि कसल्याकसल्या अर्जांच्या झेरॉक्स. आधारवरच्या आणि रेशन कार्डावरच्या त्यांच्या नावात एका कान्याचा फरक होता.

“ताई, आमच्यासारख्यांना सरकारकडून नेमकं काय काय मिळतं? एकदा सगळं कागदावर लिहून द्या.”

अर्ध्या तासाचं काम आहे, असं मला वाटलं होतं. उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

पहिलाच अर्ज ‘तालुका’ या रकान्यापाशी अडला. मावशी म्हणाल्या, “पाटण लिहा.” पाटण हा त्यांचा गावाकडचा तालुका. मुंबईलाही तालुके असतात, हे तीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. 1990 मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके, आणि मुलुंड येतं कुर्ला तालुक्यात. निराधारांच्या अनुदानाचा अर्ज तहसीलदारांकडे करायचा. रेशन कार्डाचं काम शिधावाटप कार्यालयाचं. मृत्यूचा दाखला महापालिकेच्या टी वॉर्डाचा. घरकामगार म्हणून नोंदणी करायची तर 2008 च्या कायद्याने आलेलं घरेलू कामगार कल्याण मंडळ, म्हणजे कामगार खातं. लाडकी बहीण योजना महिला व बालविकास खात्याची. प्रत्येक खात्याला आपापली योजना ठाऊक असते. पण एका बाईला सगळं मिळून काय मिळतं, याचं उत्तर देणं हे यांपैकी कुणाचंच काम नाही.

मग आम्ही उत्पन्नाचा हिशेब मांडला. चार घरांचे मिळून महिन्याला 9,000 रुपये, वर्षाचे 1,08,000. हा आकडा घेऊन एकेका दारात उभं राहून पाहू. संजय गांधी निराधार योजनेसाठी विधवेचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असायला हवं किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत. मावशी बाद. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबांसाठी शहरात 59,000 ची मर्यादा. बाद. केशरी कार्डाची मर्यादा 1 लाख. तिथेही 8,000 रुपयांनी बाद. पिशवीतलं कार्ड नवऱ्याच्या हयातीतलं, म्हणून अजून टिकून आहे. धर्मादाय रुग्णालयांत मात्र 1,80,000 पर्यंतचं कुटुंब निर्धन धरलं जातं. अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखायच्या असतात. तिथे मावशी बसतात. लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख, तिथेही बसतात.

म्हणजे एकच बाई, एकाच दिवशी, दोन ठिकाणी गरीब आहे आणि तीन ठिकाणी नाही. तिच्या चुलीवर त्या दिवशी काय शिजलं, याच्याशी या निवाड्याचा काही संबंध नाही.

21,000 म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. एवढ्यात मुंबईत एक माणूसही महिना काढू शकत नाही, मग कुटुंबाची गोष्ट दूरच. या योजनेचं अनुदानच महिन्याला 1,500, वर्षाचे 18,000. अशी मर्यादा वर्षानुवर्षं तशीच ठेवली की त्याचा परिणाम एकच होतो: कष्ट करून जगणाऱ्या विधवेला आपली मिळकत लपवावी लागते. ज्या बाईने कुणाच्या घरातला चमचा इकडचा तिकडे केला नाही, तिला शासनाच्या कागदावर खोटं लिहायला भाग पाडायचं, आणि लिहिलं नाही तर तिचा अर्ज फेटाळायचा. यात फसवणूक कुणी कुणाची केली, हे आपण स्वतःला विचारायला हवं.

पूर्वी असं नव्हतं. मुंबईत रेशनिंग 1943 मध्ये सुरू झालं ते सगळ्या शहरासाठी. गिरणी कामगार, कारकून, शिक्षक, सगळे एकाच दुकानासमोर पिशवी घेऊन उभे राहत. 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि लाटणं घेतलेल्या बाया रस्त्यावर आल्या. त्यांत चाळीतल्या होत्या तशा मध्यमवर्गी गृहिणीही होत्या, कारण धान्य, तेल, रॉकेल हा प्रश्न दोघींचाही होता. 1997 मध्ये केंद्राने रेशन गरिबांपुरतं लक्ष्यित केलं आणि 1 मे 1999 पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डं आली. त्यानंतर बोलू शकणारा, पत्र लिहू शकणारा वर्ग त्या रांगेतून बाहेर पडला. मागे राहिलेल्यांची रांग कशी चालते, याची विचारपूस करणारं कुणी उरलं नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. पैसा मर्यादित असेल तर तो खऱ्या गरजूलाच मिळायला हवा, त्यासाठी चाळणी लागणारच. मान्य. पण चाळणीत दोन प्रकारच्या चुका होतात. अपात्र माणूस आत येतो, ही एक. पात्र माणूस बाहेर राहतो, ही दुसरी. पहिल्या चुकीची बातमी होते, चौकशी होते, वसुलीची भाषा होते. दुसरी चूक आवाज करत नाही. ती बाई घरी परत जाते आणि दुसऱ्या दिवशी कामावर येते.

2024 ची लाडकी बहीण योजना या दृष्टीने नीट पाहायला हवी. तिच्यामागचं राजकारण क्षणभर बाजूला ठेवू. अर्ज अंगणवाडीत भरून घेतले गेले, पिवळं किंवा केशरी कार्ड हाच उत्पन्नाचा पुरावा मानला गेला, बाकीच्या बऱ्याच अटींसाठी हमीपत्र पुरलं. काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात पैसे जमा झाले. पुढे छाननी झाली, ई-केवायसी आली, अपात्र नावं वगळली गेली. म्हणजे आधी विश्वास आणि मग तपासणी, हा क्रम याच राज्यात, याच यंत्रणेला जमतो. मग जी योजना 1980 पासून निराधारांसाठी आहे, तिच्यात हा क्रम उलटा का? जिला आधार नाही, तिच्याकडेच सर्वांत जास्त कागद का मागायचे?

कागद मिळवायला दिवस लागतो, आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या दिवसाला किंमत असते. त्यांचा शब्द आहे खाडा. एका कान्याची दुरुस्ती करायला एक खाडा. उत्पन्नाच्या दाखल्याला दुसरा. बोटांच्या रेषा भांड्यांच्या पावडरीने झिजल्यामुळे मशीनवर अंगठा लागत नाही, त्यासाठी तिसरा. महिन्यात तीन खाडे झाले की एखादं घर दुसरी बाई बघतं. म्हणूनच एजंटाकडे जाणाऱ्या बाईला मी दोष देऊ शकत नाही. ती पैसे देऊन आपला खाडा वाचवत असते. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत घातली हे चांगलंच झालं. पण ती मुदत अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. त्याआधी कुठे जायचं हे शोधण्यात गेलेले दिवस कुठल्याच कायद्यात मोजले जात नाहीत.

शोधण्याचा हा भार उलटा करता येतो, हे महाराष्ट्रानेच एकदा दाखवलं आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला. त्यात उत्पन्नाचा दाखला नव्हता. ज्या प्रौढ माणसाची अंगमेहनतीची तयारी आहे त्याने काम मागायचं, शासनाने द्यायचं. उन्हात खडी फोडायला जो येतो त्याला गरज आहे, हे वेगळं सिद्ध करावं लागत नव्हतं. ती हमी गावापुरती राहिली. गाव सोडून मुलुंडला आलेल्या माणसाला तिच्यासारखं काहीच मिळालं नाही.

शहरात सुरुवात अगदी साध्या ठिकाणाहून होऊ शकते. मावशींच्या नवऱ्याचा मृत्यू महापालिकेच्या दप्तरात नोंदवला गेला, त्या दिवशी शासनाला एक गोष्ट कळलीच होती: या पत्त्यावर एक बाई विधवा झाली. रेशन कार्डावर तिचं नाव होतं, तिचं वय होतं, मुलीचं नाव होतं. मृत्यूच्या दाखल्याबरोबरच तिच्या हातात विधवा अनुदानाचा अर्ज का पडू नये? जी माहिती शासनाने स्वतःच नोंदवली, तिचेच पुरावे जमवायला तिने चार दारं का फिरावीत? सर्व योजनांना उत्पन्नाची एकच मर्यादा असावी आणि ती महागाईबरोबर वाढावी. प्रत्येक वॉर्डात असा एक माणूस बसावा, ज्याचं काम अर्ज तपासणं नसून समोरच्याला काय मिळू शकतं हे सांगणं असेल. यातल्या बहुतेक गोष्टी खर्चिक नाहीत. रेशन कुठूनही उचलता यावं म्हणून 2019 पासून कार्ड राज्याबाहेरही चालू लागलं. हक्क माणसामागून जाऊ शकतो, हे त्याने सिद्ध केलं.

आणि तोवर? मुलुंडमध्ये निवृत्त बँक कर्मचारी आहेत, शिक्षक आहेत, वाचनालयं आहेत, केळकर महाविद्यालयातली मुलं आहेत. ज्यांना अर्जाची भाषा वाचता येते असे लोक ज्या उपनगरात इतके आहेत, तिथे पिशवी घेऊन एकटीने फिरणारी बाई दिसावी हे आपल्याला शोभत नाही. घरेलू कामगार मंडळात नोंद करताना बाई कुणाकडे काम करते हे दाखवावं लागतं. ते लिहून देणं तर आपल्याच हातात आहे. 2021 च्या टाळेबंदीत शासनाने 1,500 रुपयांची मदत जाहीर केली ती नोंदणी झालेल्या घरकामगारांना. आमच्या इमारतीत तेव्हा एकीचीही नोंद नव्हती. आम्हा कुणाला ते सुचलंही नव्हतं, याची मला आज लाज वाटते.

त्या संध्याकाळी मी एका कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: कुठे जायचं, कोणते कागद न्यायचे, कुणाला काय विचारायचं. मावशींनी पान दोनदा वाचलं, घडी केली आणि पिशवीत ठेवलं. दारापर्यंत जाऊन परत आल्या. म्हणाल्या, “ताई, याची अजून दोन झेरॉक्स होतील का? बाजूच्या खोलीतली मागच्या महिन्यातच एकटी पडलीय. तिला यातलं काहीच माहीत नाही.”