वाणीचे सामर्थ्य व तिचा हिशेब

शब्दाने खचलेल्या मनुष्यास उभारी येते, तसा शब्दानेच मनुष्य मरणाच्या तोंडीही जातो. तर मग ज्याच्या वाणीत सामर्थ्य आहे त्याने ते कोणत्या मर्यादेत वापरावे? शेक्सपिअर (१५६४–१६१६) या इंग्रज नाटककाराच्या दोन ऐतिहासिक नाटकांतील रणभाषणे शेजारी ठेवून पाहिली असता या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडतो.

पहिले नाटक ‘तिसरा रिचर्ड’. यात रिचर्ड राजा आपल्या लहान पुतण्यांचा घात करवितो. पुढे १४८५ साली बॉसवर्थ येथे रिचमंड त्याच्यावर चालून येतो. लढाईच्या आदल्या रात्री, ज्यांस मारविले त्यांची भुते रिचर्डच्या स्वप्नात येतात व त्याचे मन त्यास खाऊ लागते. परंतु सकाळ होताच तो सरदारांस शिकवितो की, मनाची टोचणी हे भित्र्यांचे लक्षण होय. मग सैन्यापुढे तो शत्रूस भटके व उपाशी भिकारी म्हणून हिणवितो; हे तुमच्या जमिनी व बायका हिरावून नेतील, असे भय घालितो. आपला पक्ष न्यायाचा आहे, असे मात्र तो दाखवून देत नाही.

दुसरे नाटक ‘पाचवा हेन्री’. १४१५ साली फ्रान्सात अ‍ॅजिनकोर्ट येथे हेन्रीचे थोडे व थकलेले सैन्य मोठ्या फौजेपुढे उभे आहे. आणखी माणसे असती तर बरे, असे एक सरदार म्हणतो. राजा उत्तर देतो की, ज्यास लढण्याची इच्छा नाही त्याने खुशाल जावे. त्यास परवाना व वाटखर्चीही मिळेल. जो आज आपल्याबरोबर रक्त सांडील तो कितीही हलक्या स्थितीचा असो, तो आपला भाऊ होय. रिचर्ड मन निजवितो. हेन्री निदान दार उघडे ठेवितो व स्वतः त्याच धोक्यात उभा राहतो.

परंतु एवढ्यावरच हेन्रीची स्तुती करून थांबणे बरे नाही. आदल्या रात्री तो वेष पालटून शिपायांत बसला असता विल्यम्स नावाचा एक साधा शिपाई म्हणतो की, युद्धाचे कारण न्यायाचे नसेल, तर तुटलेल्या हातापायांचा जबर हिशेब राजास द्यावा लागेल. राजा पुष्कळ युक्तिवाद करितो. प्रत्येकाचा आत्मा ज्याचा त्याचा, असे सांगतो. पण कारण न्यायाचे का, हे तो सिद्ध करीत नाही. आणि संध्याकाळी मेलेल्या इंग्रजांची यादी वाचिली जाते, तेव्हा चौघा प्रतिष्ठितांची नावे घेतली जातात. बाकीचे पंचवीस, एवढाच आकडा. सकाळचे भाऊ संध्याकाळी बिननावाचे झाले!

आम्हांस वाटते, भाषणाची खरी परीक्षा ऐकणाऱ्यांच्या आरोळ्यांनी होत नाही. बोलणाऱ्याने त्यांची विवेकबुद्धी जागी ठेविली काय? नाही म्हणण्यास मोकळीक दिली काय? आणि काम झाल्यावर लहानातल्या लहानाचे नाव त्याच्या स्मरणात राहिले काय? आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस चार लोकांपुढे उभे राहून बोलावे लागते. त्यांनी बोलण्यापूर्वी विल्यम्सचा प्रश्न एकदा स्वतःस विचारावा.