गोळी आणि पिशवी यांच्यामध्ये

मावळातल्या आंबीपासून डॉक्टर लांब आहेत, असं म्हणायची सोय नाही. इंद्रायणी ओलांडली की तळेगाव. तिथे १९९५ साली सुरू झालेलं मायमर वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे, शिवाय खासगी दवाखाने आणि प्रसूतिगृहं आहेतच. तळेगाव स्टेशनवर लोकल धरली तर चिंचवड, पिंपरी आणि शेवटी पुण्याचं ससून रुग्णालय. तरीही ओटीपोटातलं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढणारी बाई या पट्ट्यात शोधायला फार हिंडावं लागत नाही. अडचण किलोमीटरची असती तर एमआयडीसीच्या रस्त्यांनी ती कधीच मिटवली असती.

या बाईला आपली वैद्यकव्यवस्था सहसा दोनच गोष्टी देऊ करते. आधी गोळी: पाळीच्या दिवसांत दुखतंच, लग्न झालं की थांबेल, एक मूल झालं की थांबेल, टेन्शन घेऊ नका. आणि दोन मुलं झाल्यावरही थांबलं नाही, तर पिशवी काढून टाका. गोळी आणि पिशवी यांच्यामध्ये जे असायला हवं, म्हणजे नीट विचारपूस, तपासणी, निदान आणि टप्प्याटप्प्याचा उपचार, ते तिच्यापर्यंत पोचत नाही. माझी तक्रार या मधल्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

ही जागा किती मोठी आहे, हे महाराष्ट्रातल्याच एका अभ्यासाने जगाला दाखवलं. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली होती. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक काही ना काही आजार होता, सरासरी प्रत्येकीला तीनहून अधिक. यातला निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता, तेव्हा ९२ हा आकडा ऐकून सगळ्याच गंभीर आजारी होत्या असं समजू नये. मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा: याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. त्या काळी लोकसंख्या नियंत्रणासाठी सरकारी यंत्रणा याच बायकांच्या दारापर्यंत पोचत होती. तिला त्यांचं गर्भाशय ठाऊक होतं, त्यातलं दुखणं ठाऊक नव्हतं.

सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ओटीपोटात दुखत असेल, तर कारण एकच असेल असं नाही. जुना जंतुसंसर्ग असू शकतो. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयही विसरता येत नाही; तो मूल न होण्याच्या तपासण्यांत अनेकदा उघडा पडतो. मूत्राशय, आतडी, कंबरेचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू यांतूनही दुखणं उठतं. आणि एंडोमेट्रिओसिस: गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर, अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागे, कधी आतड्यावर वाढते, दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या सुमारे दहा टक्के स्त्रियांना हा आजार असतो, आणि निदानाला वर्षंच्या वर्षं जातात. एक कारण साधं आहे. अंडाशयातली ‘चॉकलेट सिस्ट’ सोनोग्राफीत दिसते. पोटाच्या आतल्या आवरणावरचे बारीक ठिपके दिसत नाहीत. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहून येतं आणि घरात तिची उरलीसुरली पत संपते. सासू म्हणते, मशीन काय खोटं बोलतंय? सासूचं सोडा, त्या कागदाचा तसाच अर्थ लावणारे डॉक्टरही भेटतात.

युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेने २०२२ च्या एंडोमेट्रिओसिसबाबतच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं, की दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय निदानच नाही हा जुना दंडक आता लागू नाही. लक्षणांवरून संशय आला तर औषध सुरू करता येतं. तळेगावसारख्या ठिकाणी या गोष्टीला फार किंमत आहे. ऑपरेशनची तारीख, भूल, खर्च यांच्या आधीच, एखाद्या जाणत्या डॉक्टरने वीस मिनिटं नीट ऐकून घेतलं तर उपचार सुरू होऊ शकतो. पण गर्दीच्या ओपीडीत ती वीस मिनिटंच नसतात. त्यातून सोबत नवरा किंवा सासू उभी असली, तर संबंधांच्या वेळी दुखतं का या प्रश्नाचं खरं उत्तर येत नाही. त्या उत्तराशिवाय निदानाचा मोठा धागा हातातून सुटतो.

पिशवीकडे धाव का घेतली जाते, हे बीडने दाखवलं. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे पाहणी आली: ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. दुखण्यापायी खाडा झाला की मुकादम दंड कापतो, आणि दुखण्यावर दुसरा कुठलाच उपाय कोणी सांगितलेला नाही, अशा कोंडीत हा निर्णय होतो. मावळात तसं घडतंय असा माझा दावा नाही. पण हजेरीचं गणित कोयत्यापाशी थांबत नाही. आंबीच्या कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या मुलीलाही ओपीडी सकाळची आणि शिफ्टही सकाळची. दुपारी लोकल विरळ. तपासणी एका दिवशी, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, डॉक्टर तिसऱ्या दिवशी. तीन खाडे. गोळी मात्र मेडिकलमध्ये संध्याकाळी मिळते.

शिवाय पिशवी काढल्याने प्रश्न सुटेलच असं नाही. गर्भाशयाबाहेर वाढलेला आजार तिथेच राहू शकतो. दुखण्याचं मूळ स्नायूंत किंवा मूत्राशयात असेल तर निष्पाप अवयव गेला. सोबत अंडाशयंही काढली तर तिशीतच रजोनिवृत्ती, आणि पुढे हाडं ठिसूळ होण्याचा, हृदयविकाराचा धोका. काहींना हे ऑपरेशन खरोखर लागतं, त्यांना त्याने आराम पडतो. ऑपरेशनलाच गुन्हेगार ठरवणं हा उलट्या बाजूचा आडमुठेपणा होईल. आधी काय काय करून पाहिलं, हा प्रश्न मात्र विचारला गेलाच पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबतची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला राज्यांना तीन महिने दिले होते, ते उगाच नाही.

आंबीच्या कॉलेजांतल्या वसतिगृहांत राहणाऱ्या मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. लग्नाआधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेली म्हणजे ‘काहीतरी’ असणार, ही कुजबुज त्यांना अडवायला अजून पुरते. दर महिन्याला दोन दिवस वर्ग बुडवून पडून राहणारी मुलगी नाजूक नसते, ती रुग्ण असते, एवढं तरी कॉलेजांनी आणि पालकांनी मान्य करावं.

व्यवस्था बदलेपर्यंत बाईने करावं असं थोडं आहे, पण आहे. दुखणं कुठल्या तारखांना, किती, लघवी-शौचाच्या वेळी की एरवीही, हे दोन-तीन महिने वहीत लिहावं. डॉक्टरांशी काही वेळ एकटीने बोलू द्या, असं सांगावं. पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर निदान काय आणि दुसरा उपाय कोणता, हे कागदावर मागावं, आणि तो कागद दुसऱ्या डॉक्टरला दाखवावा. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआय लागू असलेल्या कामगाराच्या पगारातून दर महिन्याला पाऊण टक्का कापला जातो. त्या विम्यात त्याची बायकोही येते आणि चिंचवडच्या मोहननगरला कामगार विमा रुग्णालय आहे. पैसे कापले गेलेच आहेत. तज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी हक्काने मागा.