गळती आणि भरपाई



आपल्याकडे अजूनही काही घरांसमोर जुनी मारुती ८०० उभी दिसते. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी वडिलांनी घेतलेली गाडी मुलगा जिवापाड जपतो. अशा गाडीखाली सकाळी ऑइलचे काळे ठिपके दिसू लागले की पुष्कळजण एक सोपा उपाय करतात. डिपस्टिक काढून पाहायची आणि पातळी कमी दिसली की वरून थोडे ऑइल ओतायचे. गाडी चालते. मग बिघडले कुठे?

हा प्रश्न केवळ गाडीचा नाही. एखादा दोष दूर न करता त्याची नुसती भरपाई करीत राहणे नैतिकदृष्ट्या पुरेसे आहे काय?

भरपाई वाईट नव्हे. ऑइल न भरता गाडी दामटली तर इंजिनच बसेल. परंतु ओतलेले ऑइल आपल्या इंजिनात जाते आणि गळलेले दुसऱ्यांच्या रस्त्यावर राहते. पहिल्या पावसात त्यावरून एखाद्याची स्कूटर घसरू शकते. आपली पातळी भरली म्हणून त्याचे नुकसान भरून निघत नाही. शनिवारी रात्री दारू पिऊन बायकोला वाटेल ते बोलायचे आणि रविवारी मिस्सानंतर मटण घेऊन घरी जायचे, हीदेखील अशीच भरपाई. नवऱ्याचे मन हलके होते, पण दाराआड उभे राहून ते शब्द ऐकणाऱ्या मुलाचे काय? म्हणूनच ख्रिस्तसभा पापनिवेदनात केवळ कबुली नव्हे, तर पुन्हा तसे न वागण्याचा निश्चयही मागते.

मग दुरुस्ती कुठून सुरू करावी? जाणकार मेकॅनिक जमिनीवरचा ठिपका पाहून निर्णय देत नाही. ऑइल वरच्या टॅपेट कव्हरपाशी झिरपते, इंजिनाच्या अंगावरून खाली ओघळते, चालत्या गाडीतला वारा त्याला मागे ढकलतो आणि थेंब पडतो भलतीकडेच. म्हणून तो आधी इंजिन स्वच्छ पुसतो, ते थोडा वेळ चालवतो आणि ओल प्रथम कुठे उमटते ते टॉर्च लावून पाहतो. तत्त्वज्ञानात आपण याला कार्यावरून कारणाकडे जाणे म्हणतो. घरातली भांडणे जेवणाच्या ताटावर होतात, पण उगम बहुधा स्वयंपाकात नसतो. तो लपवलेल्या कर्जात असेल किंवा भावाभावांतल्या जमिनीच्या जुन्या वादात असेल. संत इग्नेशिअस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणावर भर दिला, तो याचसाठी. रोज पुसलेल्या मनावर नवी ओल लवकर दिसते.

कारण सापडले की काम तसे लहान असते. वर्षानुवर्षे उष्णता सोसून कडक झालेले रबरी पॅकिंग गार इंजिनावरून काढायचे, जागा साफ करायची आणि नवे बसवायचे. इथे एक मोह होतो. पुन्हा गळू नये म्हणून नट जोर लावून आवळले जातात. त्याने पॅकिंग चिरडते, कव्हर वाकते आणि गळती वाढते. नट थोडे थोडे, सर्व बाजूंनी सारखेच आवळावे लागतात. सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो असे ॲरिस्टॉटल सांगतो, आणि संत थॉमस अक्वायनस यांनीही ते स्वीकारले. दारू सोडलेल्या माणसाने घरात हुकूमशहा होणे किंवा चुकलेल्या मुलीला कोंडून ठेवणे, ही दुरुस्ती नव्हे.

आणि शेवटी, जुन्या इंजिनावर किंचित ओलसरपणा राहिला तर गाडी भंगारात काढायची नसते. स्वतः संत इग्नेशिअस १५२२ साली मान्रेसा येथे आपल्या पापांच्या शंकाकुशंकांनी हैराण झाले होते. ओलसरपणा आणि टपकणारा थेंब यांतला फरक ओळखणे हेही विवेकाचेच काम आहे. वृद्ध वडिलांची चिडचिड सोसावी. आपल्या बोलण्याने घरात कोणी रडत असेल, तर ते मात्र सोसण्यावर सोडू नये.

काढलेले जुने ऑइल आणि तेलकट चिंध्या गटारात टाकू नका. ते पाणी कोणाच्या तरी विहिरीकडे, बावखलाकडे जाते. आपली दुरुस्ती शेजाऱ्याला महाग पडत असेल, तर गळती थांबलेली नाही, तिने फक्त जागा बदलली आहे.

या आठवड्यात घरातला एक ठिपका निवडू या आणि त्याचा उगम शोधू या. प्रभू त्यासाठी आपल्याला प्रकाश आणि धीर देवो.

आपला धर्मगुरू