संघ गेला, गाव राहिलं

उत्तर अमेरिकेत काही लोकांना काल्पनिक हॉकी लीग रचण्याचा छंद असतो. (हॉकी म्हणजे बर्फावरची, आपली मैदानी नव्हे.) संघांची नावं, बोधचिन्हं, विजेत्यांच्या याद्या, सगळं मनानंच ठरवायचं. अशा याद्यांमध्ये मला सगळ्यात रोचक वाटतो तो रकाना 'पूर्वीचं शहर' हा. अमुक संघ आधी तमुक गावात होता, मग तिथून गेला. आता कल्पनेत कुणाचं दिवाळं निघत नाही, कुणाला नवं स्टेडियम नको असतं. तरीही रचणारा आपणच वसवलेल्या गावातून संघ उठवतो. मला वाटतं, एखादं गाव दुखावल्याशिवाय लीगला इतिहास आहे असं त्याला वाटत नसावं.

खऱ्या लीगमध्ये हे दुखणं भरपूर आहे. नॅशनल हॉकी लीगमधून, म्हणजे एनएचएलमधून, 1993 ते 1997 या काळात चार संघांनी बिऱ्हाड हलवलं. मिनेसोटाचा संघ डॅलसला गेला, क्वेबेकचा डेन्व्हरला, विनिपेगचा थेट वाळवंटातल्या फीनिक्सला आणि हार्टफर्डचा नॉर्थ कॅरोलायनात. कारणं हिशेबातली होती. कॅनडातल्या संघांचं तिकिटांचं उत्पन्न घसरलेल्या कॅनेडियन डॉलरमध्ये आणि खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये. शिवाय जुनी स्टेडियमं, आणि नवी बांधायची तर पैसा कुणी घालायचा यावरून वाद. क्वेबेकच्या जखमेवर तर मीठच चोळलं गेलं: 1995 मध्ये संघ गेला आणि 1996 मध्ये, डेन्व्हरमधल्या पहिल्याच मोसमात, त्यानं स्टॅनली कप जिंकला.

मालकानं काही गैर केलं का? त्याची बाजू साधी आहे. तोटा त्याचा, जोखीम त्याची, मालमत्ताही त्याचीच. हॉटेल बंद करून दुसऱ्या गावात उघडणाऱ्याला आपण नीतिमत्ता शिकवत नाही. पण हॉटेलात जाणारा माणूस 'आपण काल जिंकलो' असं म्हणत नाही. संघाची किंमत ज्या निष्ठेवर उभी राहते, ती मालक विकत घेऊ शकत नाही. लोकांनी ती वर्षानुवर्षं फुकट दिलेली असते. पुष्कळदा स्टेडियममध्ये करदात्यांचाही पैसा असतो. म्हणजे मोबदला मालकाला आणि विरह गावाला. ही विषमता टाळता येते. अमेरिकन फुटबॉलमधला ग्रीन बे पॅकर्स हा संघ 1923 पासून लोकांच्या मालकीचा, ना-नफा तत्त्वावर चालतो. लाखभर वस्तीच्या गावातून तो कुणी उचलून नेऊ शकलेलं नाही.

संघ हलवण्याचा हक्क मालकाला आहे हे मान्य केलं, तरी आणखी अवघड प्रश्न उरतो: भूतकाळ कुणाचा?

गॉर्डी हाऊ 1979-80 च्या मोसमात हार्टफर्डकडून खेळला. मोसम संपता संपता तो 52 वर्षांचा झाला. त्याची दोन मुलं त्याच संघात होती. त्या मोसमात त्यानं 15 गोल केले. लीगच्या हिशेबात हा सगळा कॅरोलायना संघाचा पूर्वेतिहास आहे, जरी तेव्हा त्या नावाचा संघ अस्तित्वातही नव्हता. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर संघाचा आयडी तोच राहिला, 'शहर' या रकान्यातली किंमत तेवढी बदलली. डेटाबेसला यात काहीच खटकत नाही. पण गोल होतो तेव्हा एक बघणारा असतो, आणि तो हार्टफर्डमध्येच राहिला. डिसेंबर 2018 मध्ये कॅरोलायनाच्या खेळाडूंनी हार्टफर्डचा जुना हिरवा पोशाख घालून एक सामना खेळला. कायद्यानं तो पोशाख त्यांचाच होता. तरीही सोडून आलेल्या घरातल्या फोटोंची विक्री करावी, तसं मला ते वाटलं.

क्लीव्हलँडनं वेगळी वाट काढली. तिथला फुटबॉल संघ मालकानं बाल्टिमोरला न्यायचं ठरवलं तेव्हा शहर कोर्टात गेलं. 1996 मध्ये तडजोड झाली: मालकानं खेळाडू न्यावेत, नाव, रंग आणि विक्रम इथेच राहतील. 1999 मध्ये त्याच नावानं नवा संघ उभा राहिला. मला हे न्याय्य वाटतं. कुठेही नेता येतं ते न्यावं. जे एका जागी घडलं ते तिथेच राहू द्यावं.

इथपर्यंत माझी सहानुभूती सरळ रेषेत चालते. पुढे अटलांटा येतं. त्या शहरानं 1980 मध्ये एक हॉकी संघ कॅल्गरीला गमावला आणि 2011 मध्ये दुसरा. तो दुसरा गेला विनिपेगला, पंधरा वर्षं सुतक पाळणाऱ्या त्याच विनिपेगला. तिथे लोक रस्त्यावर नाचले. ज्यांना हे दुःख नेमकं ठाऊक होतं, त्यांचाच आनंद दुसऱ्या गावाच्या दुःखातून आला. बाल्टिमोरचंही तसंच: 1984 मध्ये त्यांचा संघ रातोरात ट्रकांत भरून इंडियानापोलिसला गेला होता, आणि बारा वर्षांनी त्यांनी क्लीव्हलँडचा घेतला.

'अटलांटाला हॉकीचं प्रेमच नव्हतं' असं म्हणून हा प्रश्न उडवला जातो. पण प्रेम किती प्रेक्षकांपासून सुरू होतं? बाराव्या वर्षी संघ गमावलेल्या अटलांटातल्या मुलाचं दुःख, शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या म्हणून कमी होत नाही. वेळ मात्र लागतो हे खरं. पुण्यात आयपीएलचे दोन संघ आले आणि गेले, त्यातला दुसरा तर दोनच मोसमांपुरता. फारसं कुणी रडल्याचं आठवत नाही.

विनिपेगनं 2011 मध्ये संघ नाकारायला हवा होता असं मी म्हणणार नाही. इतका त्याग कुठल्याच गावाकडून मागता येत नाही. एवढंच मागता येईल की आनंदात हिशेब विसरू नये: अटलांटाचे विक्रम अटलांटाच्या नावानं वेगळे लिहावेत, आणि आपली जागा कुणीतरी रिकामी केली म्हणून भरली हे कबूल करावं. मालकाला हे जमणार नाही, त्याच्या ताळेबंदात त्यासाठी ओळ नसते. ते प्रेक्षकांनाच करावं लागेल. काल्पनिक लीग रचणारा छांदिष्ट तो रकाना न विसरता भरतो. त्यात पैसा नसतानाही.