तांबडी तार, काळी तार

वडील गेले आणि घराबरोबर त्यांच्या गाण्याचीही वाटणी झाली. अ‍ॅम्प्लिफायर आणि एक स्पीकर दादाबरोबर अंबरनाथला गेला. दुसरा स्पीकर माझ्याकडे बदलापुरात राहिला. मधे लोकलची दहाएक मिनिटे. पण चार वर्षे आम्ही ती ओलांडली नाहीत.

गेल्या दिवाळीत आईच्या हट्टाने दोन्ही पेट्या माझ्या घरी शेजारी आल्या. नाट्यगीत लावले, तर तबल्यातला डग्गा जणू मैफलीतून उठून गेलेला! "तुझा स्पीकर फाटलाय," दादा म्हणाला. मी तेच त्याच्याविषयी म्हणालो.

भाऊबीज झाल्यावर सारे सामान उल्हासनगरला नेले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतून उभे राहिलेले ते गाव. मोडलेले जोडणे तिथे नवे नाही. कारागीर म्हणाला, "दोन्ही धडधाकट आहेत. फक्त एकाची तांबडी तार काळीच्या जागी लागते आहे. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खर्ज आपसांतच विरतो."

"उलटा कोणाचा?" आम्ही एकदमच विचारले.

"कोणाचाही समजा. एकाच्या तारा बदला. दोघांच्या बदललात तर पुन्हा तेच!"

चूक कोणाची हे ठरल्यावाचून माघार घेऊ नये, असे मी आजवर मानीत आलो. एकाने दुसऱ्याला लुबाडले असेल तर न्याय हवाच. पण दोघेही शाबूत असतील, तर कोणी तरी एकाने वळायचे, इतकेच उरते.

घरी येऊन मी माझ्या तारा बदलल्या. त्यात मोठेपणा कसला? माझी पेटी हाताशी होती. डग्गा परत आला; आणि दादा जेवायला थांबला.