हरलेल्या धाडसाचा हिशेब

फेब्रुवारी १९७१. किंग्स्टनच्या सबायना पार्क मैदानावर पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात वाहून गेला होता. भारताच्या ३८७ धावा झाल्या, त्यांत एकट्या दिलीप सरदेसाईंच्या २१२. वेस्ट इंडिज २१७ मध्ये आटोपला. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला २०० धावांची आघाडी लागते. पण पहिला दिवसच गेला, तर सामना चार दिवसांचा धरला जातो आणि १५० पुरतात. भारताचे कर्णधार अजित वाडेकर यांनी हे हेरून ठेवले होते. त्यांनी वेस्ट इंडिजचे कर्णधार गॅरी सोबर्स यांना पुन्हा फलंदाजीला यायला सांगितले, तेव्हा सोबर्स चकित झाले. वेस्ट इंडिजविरुद्ध तोवर एकही कसोटी न जिंकलेला संघ त्यांना फॉलोऑन देत होता.

सामना निकाली निघाला नाही. रोहन कन्हायने नाबाद १५८ केल्या, सोबर्सने ९३, आणि कसोटी अनिर्णित राहिली. निकालाच्या वहीत वाडेकरांच्या त्या निर्णयापुढे काहीच जमा नाही. तरीही पुढे पोर्ट ऑफ स्पेनला मिळालेला विजय आणि १-० अशी जिंकलेली मालिका यांची गोष्ट सांगताना जाणकार सुरुवात किंग्स्टनपासून करतात, आणि ते योग्य आहे. गेलेल्या दिवसामुळे भारत हरण्याची भीती फार थोडी उरली होती. जिंकण्याची शक्यता मात्र समोरच्याला पुन्हा खेळायला लावल्याशिवाय निर्माणच होत नव्हती. वाडेकरांनी छाती ठोकून जुगार खेळला, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. त्यांनी नियम वाचला, वेळ मोजला आणि जे करायचे ते केले. बाहेरून ते धाडस दिसले, एवढेच.

धाडसी कर्णधार आणि सावध कर्णधार अशा दोन जाती असतात, ही आपली आवडती समजूत मला चुकीची वाटते. निर्णय माणसाच्या स्वभावावरून तोलायचा नसतो आणि निकालावरूनही नाही. त्या क्षणी काय ठाऊक होते, काय हाती होते आणि काय गमवायचे होते, यावरून तो तोलायचा असतो. हे सगळ्यांना मान्य असते, पण सामना हरेपर्यंतच.

या प्रश्नाचा सर्वांत कसून अभ्यास झाला तो अमेरिकन फुटबॉलमध्ये. आपल्याकडे तो खेळ फारसा कुणी खेळत नाही, पण त्यातला पेच समजायला सोपा आहे. चेंडू घेऊन दहा यार्ड पुढे जायला संघाला चार संधी मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नव्या चार. तीन संधी संपल्या आणि अंतर उरले, की प्रशिक्षकापुढे प्रश्न येतो. चेंडू लाथेने दूर टोलवून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलायचे, गोलखांब जवळ असतील तर लाथेनेच तीन गुण घ्यायचे, की चौथी संधी खेळून पाहायची? खेळली आणि फसली, तर चेंडू तिथल्या तिथे प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो.

डेव्हिड रोमर या बर्कलेच्या अर्थशास्त्रज्ञाने शेकडो सामन्यांची आकडेवारी तपासून २००६ मध्ये निबंध छापला. निष्कर्ष असा, की ज्या बऱ्याच परिस्थितींत चौथी संधी खेळणे संघाच्या फायद्याचे असते, तिथेही प्रशिक्षक लाथ मारून मोकळे होतात. कोट्यवधी डॉलर पगार घेणारे, आयुष्यभर तोच खेळ पाहिलेले लोक एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा चुकत होते.

का चुकत असतील? २००९ च्या नोव्हेंबरात बिल बेलिचिक या अत्यंत यशस्वी प्रशिक्षकाने त्याचे उत्तर स्वतःच्या अंगावर घेतले. त्याचा न्यू इंग्लंडचा संघ इंडियानापोलिसविरुद्ध ३४-२८ ने पुढे होता, दोनच मिनिटे उरली होती, चेंडू स्वतःच्याच अर्ध्या भागात होता आणि चौथ्या संधीत दोन यार्ड हवे होते. त्याने टोलवले नाही, खेळला. किंचित कमी पडले. पुढच्या काही क्षणांत समोरच्यांनी गुण केले आणि ३५-३४ ने जिंकले. दुसऱ्या दिवशी देशभर त्याच्या निर्णयाची सालटी काढली गेली. आकडे जाणणाऱ्यांपैकी अनेकांनी हिशेब मांडून निर्णय समर्थनीय असल्याचे दाखवले; त्यांचे कुणी फारसे ऐकले नाही. त्याने चेंडू टोलवला असता आणि तरीही सामना गेला असता, तर दोष खेळाडूंच्या खात्यात गेला असता, प्रशिक्षकाचे नावही निघाले नसते.

सावधपणाचा खरा आधार तिथे आहे. सगळे करतात ते करून हरलेल्या माणसाला कुणी जाब विचारत नाही. वेगळे करून हरलेल्याला मात्र नोकरी गमवावी लागू शकते. प्रशिक्षक संघाचा धोका कमी करत नसतो, स्वतःचा धोका कमी करत असतो. आणि तसे करायला त्याला आपण भाग पाडतो.

विदर्भातल्या मलकापूरच्या काळ्या रानात राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मृग लागायच्या आधी कोरड्या मातीत कपाशीची धूळपेरणी करणारा शेतकरी पाऊस वेळेवर आला की गावात हुशार ठरतो. पावसाने ताण दिला आणि दुबार पेरणीची वेळ आली, की त्याच माणसाला पारावर अक्कल शिकवली जाते. पेरताना दोन्ही वर्षी त्याने तेच आभाळ पाहिलेले असते, तेच बियाणे आणि तीच उसनवारी हिशेबात धरलेली असते. सगळ्यांबरोबर पेरून सगळ्यांबरोबर बुडालेल्याला मात्र कुणी काही म्हणत नाही.

जिंकलेल्या धाडसाचे आपण पुतळे करतो, तेही याच आंधळेपणातून. ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फियाच्या डग पीडरसनने मध्यंतराच्या तोंडावर, गोलरेषेपासून एका यार्डावर, हातातले तीन गुण सोडून चौथी संधी खेळली. चेंडू फेकण्याचे काम करणाऱ्या निक फोल्सनेच तो झेलून गुण केले. संघ ४१-३३ ने जिंकला. फिलाडेल्फियात या चालीचा पुतळा खरोखरच उभा आहे. सहा वर्षांनी डेट्रॉइटच्या डॅन कॅम्पबेलने उपांत्य सामन्याच्या उत्तरार्धात तशाच जिद्दीने दोनदा लाथेचे गुण नाकारले, दोन्ही वेळा फसला आणि २४-७ अशा आघाडीवरून ३४-३१ ने हरला. पहिल्या वेळी तर चेंडू झेलणाऱ्याच्या हाताशी येऊन सुटला. तो झेल बसला असता तर कॅम्पबेल द्रष्टा ठरला असता. हातातून सुटलेल्या चेंडूमुळे प्रशिक्षकाची बुद्धी कमी कशी होते?

आता आपल्या घरचे. विदर्भाच्या रणजी संघाबद्दल मला बोलायचे आहे, कारण आपण त्यावर प्रेम करतो आणि प्रेमाच्या माणसाबद्दलच आपला हिशेब सर्वांत जास्त चुकतो.

२०२४-२५ च्या हंगामाचा अंतिम सामना नागपूरच्या जामठा मैदानावर केरळविरुद्ध झाला. पहिल्या सकाळी विदर्भाने पार्थ रेखडे या फिरकी गोलंदाजाला सलामीला पाठवले आणि एक गडी पडल्यावर वेगवान गोलंदाज दर्शन नळकांडेला. नव्या चेंडूची धार खालच्या माणसांनी सोसावी आणि मुख्य फलंदाज वाचवावेत, असा त्यामागचा विचार दिसतो. रेखडे शून्यावर गेला, नळकांडे एका धावेवर, आणि थोड्याच वेळात तीन बाद २४ अशी अवस्था झाली. मग दानिश मालेवारने १५३ केल्या, करुण नायरने ८६, डाव ३७९ पर्यंत पोचला आणि सलामीच्या त्या निर्णयाची चर्चा संपली. दानिश लवकर बाद झाला असता तर वर्षभर आपण तेवढेच बोललो असतो. मला स्वतःला तो निर्णय पटत नाही. उपरे सलामीवीर पाठवल्याने पुढच्यांवरचे दडपण वाढते. पण तो पटत नाही हे मी करंडक जिंकल्यावरही म्हणायला हवे, तरच माझ्या मताला काही किंमत.

त्याच सामन्याचा शेवट मात्र सावधपणाचा होता आणि तिथे मी कर्णधार अक्षय वाडकर आणि प्रशिक्षक उस्मान घनी यांच्या पूर्ण बाजूने आहे. केरळ ३४२ वर बाद झाला, विदर्भाला ३७ धावांची आघाडी मिळाली. रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असलेला संघ विजेता. चौथ्या दिवसअखेर विदर्भ २८६ धावांनी पुढे होता. पाचव्या दिवशी डाव घोषित केला नाही, खेळतच राहिले, नऊ बाद ३७५ झाल्यावर दोन्ही संघांनी हात मिळवले आणि करंडक विदर्भाचा झाला. सामना रटाळ संपला, अशी टीका झाली. पण वाडकरने डाव सोडायचा कशासाठी? जिंकून जे मिळणार होते ते अनिर्णित ठेवूनही मिळत होते. गमावण्याची वाट तेवढी एकच होती, आणि ती त्याने उघडली नाही. यात भित्रेपणा नाही. वाडेकरांनी किंग्स्टनला जो हिशेब केला, तोच वाडकरने जामठ्याला केला. आकडे वेगळे होते म्हणून उत्तर उलट आले.

अर्थात आघाडी जपत बसणे म्हणजे सुरक्षित असणे, असेही नाही. एप्रिल १९९९ मध्ये बंगळूरला रणजीच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाकडे कर्नाटकाविरुद्ध ७५ धावांची आघाडी होती. शेवटच्या दिवशी सामना वाचवला असता तरी करंडक त्यांचा होता. संघ १५० मध्ये कोसळला आणि ९६ धावांनी हरला. कर्णधार होते चंद्रकांत पंडित. हेच पंडित पुढे प्रशिक्षक म्हणून विदर्भात आले, आणि सहा दशके रिकाम्या हाताने परतणाऱ्या या संघाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोन करंडक जिंकले. त्यातल्या पहिल्या वर्षी कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात विदर्भ पहिल्या डावात ११६ धावांनी मागे पडला होता. अनिर्णित म्हणजे बाहेर. जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात सात बळी घेतल्यावर तो सामना पाच धावांनी जिंकला. २०२२ मध्ये पंडितांनी मध्य प्रदेशालाही त्याच बंगळूरच्या मैदानावर विजेता केले, तेही मुंबईला हरवून. त्या दिवशी त्यांना रडू आवरले नाही.

म्हणून माझी तक्रार कर्णधारांबद्दल नाही, नियमाबद्दल आहे. नियम माणसांना सावध करतो, तसा धीटही करू शकतो. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. त्या एका नियमाने वेळ काढणाऱ्या चढायांना मर्यादा घातली. रणजीत मात्र उलटी तऱ्हा आहे. त्याच २०२४-२५ च्या हंगामात केरळ उपांत्यपूर्व फेरीत एका धावेच्या आणि उपांत्य फेरीत दोन धावांच्या आघाडीवर पुढे गेला. पाच दिवसांची मेहनत आणि निर्णय एका धावेवर! केरळने काही गैर केले नाही. जे बक्षीस मांडले होते ते त्यांनी उचलले.

साखळीत आघाडीला तीन गुण देणे ठीक आहे, कारण तिथे पाऊस आणि निर्जीव खेळपट्ट्या यांची भरपाई करावी लागते. अंतिम सामन्याला तो निकष नको. जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी राखीव दिवस असतो. २०२१ मध्ये साउदॅम्प्टनला तो वापरला गेला आणि सहाव्या दिवशी न्यूझीलंड जिंकला. तिथे सामना अनिर्णित राहिला तर करंडक दोघांत वाटला जातो. रणजीच्या अंतिम सामन्याला हेच दोन नियम लावावेत. त्यात विदर्भाचा एक करंडक अर्धा झाला असता, हे मला कळते, आणि तरीही मी हे मागतो. अर्धा करंडक नको असलेल्या कर्णधाराला मग शेवटच्या सकाळी ठरवावे लागेल, की समोरच्याला किती धावा आणि किती षटके द्यायची. त्यातून तो हरला, तर त्या सकाळी त्याच्यापुढे कोणते आकडे होते, हे आपण आधी पाहू आणि मग बोलू.